पोळ्याच्या दिवशी पडलेला नाका

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाघदऱ्याला पोहोचलो. गाव माझंच. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या कडेवर. खालचा ओढा ओलांडला की नगर जिल्हा लागतो. ओढ्याच्या पलीकडे स्वातंत्र्य येऊन वर्ष झालं होतं. अलीकडे निजामाचं राज्य तसंच चालू होतं. कायदा, कर आणि तुरुंग, तिन्ही एका माणसाच्या हुकमावर. त्या माणसाला आमच्या गावात कोणीही पाहिलेलं नव्हतं.

गावाला त्या राज्याचं एकच रूप ठाऊक होतं, ते म्हणजे ओढ्याकाठचा करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे जकात. मीठ आणा, कापड आणा, गूळ न्या. नाकेदाराने हात वर केल्याशिवाय गाडी हलायची नाही. उलट बोललं की माल नाक्याच्या कोठारात जमा आणि माणूस कोठडीत.

मी लढाईत सॅपर होतो. रस्ते करणं, पूल बांधणं आणि शत्रूचं बांधकाम पाडणं हे आमचं काम. बर्मा फ्रंटवर दोन पावसाळे काढले, हवालदार म्हणून डिसचार्ज घेतला आणि घरी न जाता सरहद्दीपलीकडच्या एका कॅम्पात दाखल झालो. निजामाच्या राज्यातून निघून आलेली माणसं तिथे राहायची. पहाटे फॉल इन, मग पीटी, मग रायफल ड्रिल. रायफली थोड्या, माणसं फार. निम्मी पोरं काठीवर नेम धरायला शिकली. मी तिथे इन्स्ट्रक्टर होतो आणि स्टोअरही माझ्याकडेच होतं. कोणती वस्तू कोणाकडे गेली आणि कधी परत येणार, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येई.

माझ्याबरोबर गोविंद होता. बर्मात आम्ही एकाच सेक्शनमध्ये होतो, आणि तोही वाघदऱ्याचाच. पोळ्याच्या आठवडाभर आधी तो दोन साथीदार घेऊन गावात गेला होता. चावडीवर तिरंगा लावला, आणि परत निघताना तिघंही ओढ्यात सापडले. नाक्याच्या कोठडीत घातले. गोविंदची बायको पारू रोज तिघांची भाकरी घेऊन नाक्यावर जायची. पोळ्याच्या दोन दिवस आधी नाकेदार तिला म्हणाला, "पोळ्यापर्यंत आण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बीडची लॉरी येती."

पारू ओढा ओलांडून कॅम्पात आली आणि तेवढंच सांगून उभी राहिली. शेजारच्या गावातून दोन माणसं त्या लॉरीतून गेली होती. ती परत आली नव्हती. आणखी काही सांगायची गरज नव्हती.

कॅम्पाकडून मला मिळालं ते असं : थ्री-नॉट-थ्री रायफल एक, राउंड वीस, आणि परवानगी. माणसं मिळणार नव्हती. बाकीची तुकडी दुसरीकडे गेली होती. माणसं गावातूनच उभी करायची होती.

मी गुराख्याच्या वेशात रेकी केली. नाका दगडी, धाब्याचा. पुढे ओसरी, आत कोठार, मागच्या बाजूला कोठडी. छतावर एक सेंट्री. एकूण माणसं दहा, सगळ्यांकडे रायफली. कोठडीचं दार आतल्या अंगाला होतं, तिथे पोहोचणं शक्य नव्हतं. पण कोठडीची खिडकी रस्त्याकडे होती. सागवानी चौकट आणि तिच्यात जाड गज. भिंत मातीत बांधलेली, आणि पावसाने माती फुगलेली. सॅपरला अशी भिंत वाचता येते. गज कापायचे नव्हते, वाकवायचे नव्हते. चौकटीला जोरात ओढ बसली तर ती भिंतीसकट बाहेर येणार होती.

ओढ कशाची द्यायची, याचं उत्तर गावात होतं. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, विहिरीतून पाण्याने भरलेली मोट दिवसभर ओढतो. तसले दोन नाडे आणि बैलांच्या आठ जोड्या. पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावचे बैल नाक्यावरूनच मारुतीच्या पाराकडे जातात. कोणाला संशय येणार नव्हता.

त्या संध्याकाळी खांदमळणी होती. घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. इठोबाआबांच्या गोठ्यात आम्ही जमलो. आबा साठीचे, गावात त्यांचा शब्द चाले. दुसरा चाँद नालबंद. बैलांना पत्र्या मारणारा हा माणूस पाच गावांत एकच होता. तिसरा लिंबाजी, हलगीवाला. बाकी आठ जोड्यांचे धनी.

मी काम वाटून दिलं. चाँदने दोन आकडे घडवून आणले होते, हाताएवढे, जुन्या चाकाच्या लोखंडी पट्टीचे.

"हे टिकतील का?" मी विचारलं.

"हवालदार, नाका तुटंल, आकडा न्हाई तुटायचा," चाँद म्हणाला. "न्हाई टिकला तर पुढच्या साली तुमच्या पायाला पत्री मोफत मारीन."

लिंबाजी हसला. "त्याच्या पायाला कावून? त्यो आधीच बूट घालून झोपतोय."

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. "उद्या बैल जुंपावे लागतील."

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षात तेवढा एकच दिवस त्याचा. हे मला माहीत होतं, म्हणूनच स्पष्ट विचारत होतो.

आबांनी तुपाचा हात बैलाच्या मानेवरून फिरवला. म्हणाले, "तीन माणसांचा जीव हाय. जुंपू. पाप लागलं तर मला लागंल." आबा हो म्हणाले म्हणून सगळे हो म्हणाले. मग आबा बैलाकडे वळले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी पहिलं काम पुरणपोळीने केलं. पोळ्याला गावाने नाक्याच्या जवानांना जेवायला बोलवायची पद्धत होती. सहा जण चावडीत येऊन बसले. रायफली रिवाजाने बाहेर भिंतीला टेकवल्या. पारू आणि चार बाया वाढत होत्या. सहाही जण चौथ्या पोळीवर असताना पारूने तुपाचं भांडं आणते म्हणून सांगितलं, बायांना बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. नंतर तिने मला सांगितलं की आतून ओरडायला वेळ लागला. आधी पोळ्या संपल्या असाव्यात.

सहा रायफली आमच्याकडे आल्या. नाक्यावर उरले चार.

ऊन कलल्यावर मिरवणूक निघाली. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंगं, पाठीवर झुली. दोन्ही नाडे आणि जुवं झुलींखाली लपवून आणली होती. पुढे लिंबाजीची हलगी. मी रायफल घेऊन नाक्यासमोरच्या त्या पाराच्या मागे पोझिशन घेतली. कॅम्पात ड्रिल केलेली गावची तीन पोरं घरी आली होती. चावडीतल्या रायफली देऊन त्यांना माझ्या डावीकडे बसवलं. बाकीच्या तीन रायफली वापरता येणारा माणूस नव्हता. त्या तिथेच ठेवल्या.

मिरवणूक नाक्यासमोर थांबली. बैल नाचवण्याचा गलका झाला. त्या गलक्यात चाँद खिडकीशी गेला. नाड्याच्या टोकाला बांधलेला पहिला आकडा चौकटीत बसला. छतावरच्या सेंट्रीने वाकून पाहिलं.

"ए! क्या कर रहा उधर?"

"बैल मस्तीत है जी," चाँद मान वर न करता म्हणाला. "बांधता हूं. नहीं तो तुम्हारे ओसरीत घुसेगा."

"दूर बांध!"

"हौ जी, बस झालाच."

दुसरा आकडा बसला. चाँदने आतल्या माणसांना खालच्या आवाजात सांगितलं, "भिंतीपास्नं बाजूला सरका बे. सासरहून आणायला आलोय." मग त्याने हात वर केला. तयारी पूर्ण, हा तो इशारा. मी आबांकडे पाहिलं आणि हात खाली केला. जुंपा, हा माझा इशारा.

आबांनी झुलीखालून जू काढलं. बैलासमोर उभे राहिले. बैलाने सवयीने मान पुढे केली. आबा तसेच उभे. बाकीचे सात धनी आबांकडे पाहत राहिले. एकाचाही हात हलेना.

"आबा, जुंपा!" मी ओरडलो.

आबा माझ्याकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "काल सांजच्याला आवतण दिलंय, हवालदार. जेवाय बोलावलेल्या पाव्हण्याच्या खांद्यावर जू ठिवू? मला न्हाई व्हनार."

मी आर्मीत अनेक प्लॅन कोसळताना पाहिले होते. दारूगोळ्यावाचून कोसळलेले, पावसाने कोसळलेले. पाहुणचारापायी कोसळलेला हा पहिला.

पुढच्या क्षणी आबांनी ते जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि नाड्याला लावलं. "बैल न्हाई. मानसं जुंपा!"

एवढंच. सात धनी नाड्याला भिडले. मागून गाव आलं. शेतकरी, तेली, कोष्टी, भावकीत बारा वर्षं न बोलणारे दोघं, सगळे. मी मोजले नाहीत. नाड्यावर हात ठेवायला जागा उरली नाही तेव्हा माणसांनी पुढच्या माणसाच्या कमरेला धरलं.

सेंट्रीला आता कळलं. त्याने पहिली गोळी खाली झाडली. चाँद अजून खिडकीशी होता. पहिल्या ओढीत एक आकडा सरकला होता आणि तो दोन्ही हातांनी परत चौकटीत दाबत होता. गोळी त्याच्या बरगडीत बसली. तो खाली बसला, पण आकडा सोडला नाही. ओढ बसून आकडा रुतल्यावरच त्याचे हात सुटले.

मी कव्हरिंग फायर दिला. सेंट्री छताच्या कठड्यामागे दबला. पण ओसरीतून आणखी दोन रायफली सुरू झाल्या. आणि मुख्य अडचण वेगळीच होती. बैलजोडी एका दमात ओढते. माणसं तशी ओढत नाहीत. पुढचे ओढत तेव्हा मागचे दम खात, आणि मागच्यांनी जोर लावला की पुढचे घसरत. नाडा ताठ व्हायचा आणि ढिला पडायचा. चौकटीतून माती गळत होती, चौकट हलत नव्हती.

लिंबाजी पारावर चढला. त्याने मिरवणुकीचा ठेका सोडला आणि नवा धरला. एक ठोका दम घ्यायला, दुसरा ओढायला. दोनदा तसंच वाजवलं आणि ओरडला, "हलगी ऐका! हलगीवर ओढा!"

पार उंच होता. शेवटच्या माणसालाही हलगी ऐकू जात होती, आणि छतावरूनही लिंबाजी स्वच्छ दिसत होता.

"लिंबाजी, खाली बस!" मी ओरडलो.

"बसून हलगी वाजत न्हाई, हवालदार!"

एक. ओढ. एक. ओढ. तिसऱ्या ओढीला भिंतीला भेग गेली. चौथ्याला वरचा दगड सुटला. सेंट्री कठड्यावरून वर आला. मी आणि त्याने एकदमच फायर केला. माझी गोळी त्याच्या खांद्याला लागली, त्याची लिंबाजीला. हलगी थांबली. पण ठेका आता माणसांच्या अंगात गेला होता. कोणी न वाजवता पाचवी ओढ एका दमात बसली, आणि चौकट, गज, आकडे आणि अर्धी भिंत रस्त्यावर आली.

धुरळ्यातून गोविंद बाहेर आला. मागून दोघं. तिघंही चालत आले. गोविंदने पहिलं वाक्य काय म्हणावं? "हवालदार, रायफल दे." मी दिली नाही. पारू पळत येत होती.

ओसरीतल्या दोघांनी हत्यारं खाली टाकली. कोठारात लपलेल्या नाकेदाराला गावच्या लोकांनी दंडाला धरून बाहेर आणलं. तो म्हणत राहिला, "हुजूरचा हुकूम होता, हुजूरचा हुकूम." आबांच्या दोन्ही खांद्यांचं कातडं जुवाने सोललं होतं. ते म्हणाले, "हुजूर आज कुटं हाय? आमी तर समदे हितंच हाय." नाकेदाराला कोणी मारलं नाही. जखमी सेंट्रीला मी स्वतः फर्स्ट एड दिला. मग त्याला आणि बाकी तिघांना चावडीतल्या सहांबरोबर ठेवलं. सगळे मिळून दहा.

लिंबाजी जागीच गेला होता. चाँद दिवस बुडेपर्यंत होता. पाराला टेकून बसवलं होतं त्याला. मला जवळ बोलावून म्हणाला, "आकडा तुटला का?"

"नाही."

"सांगितलंतं का न्हाई," तो म्हणाला. ते त्याचं शेवटचं बोलणं.

त्या संध्याकाळी बैलांचं जेवण राहिलं होतं. पोळ्या जवानांनी संपवल्या होत्या. गावात दोन मयतं होती. कोणाला काय करावं कळेना. आबा म्हणाले, "आवतण दिलंय." नाक्याचं कोठार उघडलं. वर्षभर जप्त केलेला गूळ भेलीच्या भेली पडून होता. प्रत्येक बैलाला त्यातला गूळ भरवला आणि उरलेला ज्याचा त्याला परत केला. मग चाँदला आणि लिंबाजीला घेऊन गाव निघालं.

रात्रीतून रस्त्यावर चर खणला. सॅपरच्या मापाचा, आडवा, खोल, लॉरी पार करू शकणार नाही असा. सकाळी बीडची लॉरी आली. नाक्यावर तिरंगा होता आणि चराच्या अलीकडे अख्खं गाव उभं होतं. पुढच्या रांगेत माझी धरून अकरा रायफली. ज्यांना ड्रिल येत नव्हतं त्यांनाही मी रायफल नुसती नीट धरायला लावली होती. लॉरी थांबली. ड्रायव्हरने बराच वेळ पाहिलं. मग गिअरचा आवाज झाला.

लॉरी मागे मागे जाऊ लागली. वळायला जागा नव्हती, म्हणून वळणापर्यंत तशीच रिव्हर्समध्ये गेली. आबा म्हणाले, "अरं, राजाची गाडी उलटी बी चालती!" त्यावर जो हशा आणि आरोळी उठली, तशी मी युद्ध जिंकल्याची बातमी आली तेव्हा बर्मातही ऐकली नव्हती. दुपारपर्यंत शेजारच्या दोन गावांतून निरोप आले : चर कसा खणायचा ते सांगा. मी मापं पाठवली. गोविंद स्वतः गेला. चार दिवसांत त्या रस्त्यावर राजाचा हुकूम चालणारं एकही ठिकाण उरलं नाही. गाड्या कर न देता ओढा ओलांडत होत्या, आणि गाडीवाले सवयीने नाक्यासमोर थांबून, काही आठवल्यासारखं करून, हसत पुढे जात होते.

गणपती बसले, आणि ते उठायच्या आत इंडियन आर्मी आली. नगरच्या बाजूने कॉलम ओढ्यात उतरला. गोविंद आणि मी रस्त्यावर सावधान उभे राहिलो. पुढच्या जीपमधला कॅप्टन नाक्यावरच्या झेंड्याकडे पाहत उतरला. त्याच्या ऑपरेटरने वायरलेस उघडला.

"हॅलो वन. वाघदरा नाक्यावर पोहोचलो. अपोझिशन नाही. नाका लोकांच्या हातात आहे. ओव्हर."

"से अगेन. नाका कोणाच्या हातात? ओव्हर."

ऑपरेटरने आमच्याकडे एकदा पाहिलं. "लोकांच्या. ओव्हर."

त्या आठवड्यातच निजामाने शरणागती पत्करली. पिढ्यान्‌पिढ्यांचं राज्य संपलं. ते हैदराबादेत संपलं असं म्हणतात. आमच्याकडे ते आधीच संपलं होतं.

कॅप्टनने पडलेली भिंत पाहिली, आकडे हातात घेऊन पाहिले. मग मला विचारलं, "कॅज्युअल्टी?"

"दोन, सर. दोन्ही किल्ड."

"युनिट?"

मी कॅम्पाचं नाव सांगणार होतो. ते दोघं कॅम्पात कधी आलेच नव्हते. शेजारी आबा उभे होते, खांद्यांवर हळदीचा लेप. त्यांना शब्द कळला नसावा, प्रश्न कळला.

"ह्या गावचे," आबा म्हणाले.

कॅप्टनने मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं.

चाँदची कबर ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. लिंबाजीचं घर वेशीबाहेर होतं. त्याची समाधी तो पडला तिथे, मारुतीच्या पाराशेजारी बांधली. त्यावर काहींनी कुरबुर केली. आबांनी त्यांना एवढंच विचारलं, "नाडा वढताना कुणाचं ऐकत हुता?" समाधी तिथेच राहिली.

दरवर्षी पोळ्याला आधी कोणाकडे जायचं, हा प्रश्न पहिल्याच साली निघाला. तो आम्ही असा सोडवला : गाव दोन तुकड्यांत एकाच वेळी निघतं, एक ओढ्याकडे, एक पाराकडे. दोन्ही तुकड्या फुलं वाहून परत येतात आणि वेशीत भेटतात. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत कोणी बोलत नाही. तो आला की मी इशारा करतो, आणि लिंबाजीचा भाऊ हलगीवर पहिली थाप टाकतो.